बीज, क्षेत्र आणि वारा

मनुष्याच्या हातून घडलेल्या कृत्यात त्याचा स्वतःचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, हा प्रश्न वकिलीच्या व्यवसायात आम्हांला नित्य भेटतो. शिक्षेत सूट मागावयाची झाली की बचावाचा वकील आरोपीचे दारिद्र्य, त्याचे पोरकेपण, त्याची संगत यांचा पाढा वाचतो. सरकारी वकील उठून म्हणतो की, त्याच वस्तीत, त्याच दारिद्र्यात वाढलेली दहा माणसे सरळ मार्गाने चालली. मग हा एकच वाकडा का गेला? दोन्ही बाजूंत तथ्य असते. न्यायाधीश मधला एखादा बिंदू शोधून निकाल देतात. निकालाने वाद मिटतो, प्रश्न मिटत नाही. आपल्या स्मृतिकारांनाही हा प्रश्न निराळ्या रूपाने पडला होता. बीज प्रधान की क्षेत्र प्रधान, पीक बी पेरणाऱ्याचे की शेताच्या धन्याचे, याचा ऊहापोह मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे. तेथे तो अपत्यावरील हक्कापुरता आहे. परंतु दृष्टान्त इतका व्यापक आहे की माणसाच्या साऱ्या चारित्र्याला तो लावून पाहता येतो.

हा जुना प्रश्न आम्ही येथे एका अत्यंत क्षुद्र जिवाच्या निमित्ताने पुन्हा हाती घेत आहोत. तो जीव म्हणजे हवेत वावरणारा जिवाणू. इतक्या लहान वस्तूकडून एवढ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर कसे मिळणार, असे कोणी म्हणेल. उत्तर मिळेलच असा आमचा दावा नाही. परंतु प्रश्न नीट कसा मांडावा एवढे तरी त्याच्यापासून शिकता येते, असे आम्हांस वाटते.

आपण श्वासावाटे घेतो ती हवा रिकामी नाही. जमिनीवरच्या एका घनमीटर हवेत सामान्यतः दहा हजारांहून अधिक जिवाणू असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे दहा-बारा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे रोज लाखभर जिवाणू तरी आपल्या नाकातोंडाशी येतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. मातीतून, झाडांच्या पानांवरून, समुद्राच्या फेसातून, गटारांतून आणि माणसांच्या खोकल्यातून ते वर चढतात. हवा हे त्यांचे घर नव्हे, ती केवळ वाट आहे. त्या वाटेवर अन्न नाही, पाणी जवळजवळ नाही आणि उन्हाचा मारा मात्र आहे. कोणत्या दिशेस जावयाचे हेही त्यांच्या हाती नाही. 'वाऱ्यावर सोडणे' हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार या जिवांना अक्षरशः लागू पडतो.

स्थळ बदलले की हवेतील ही वस्ती बदलते, हे प्रथम पाश्चरने रीतसर दाखविले. १८६० साली त्याने उकळून निर्जंतुक केलेल्या पोषक द्रवाच्या सीलबंद कुप्या बरोबर घेतल्या आणि ठिकठिकाणी त्यांची तोंडे क्षणभर उघडून पुन्हा बंद केली. अर्ब्वा गावाजवळच्या सखल प्रदेशात उघडलेल्या वीस कुप्यांपैकी आठ नासल्या. जुरा पर्वतावर वीसांपैकी पाच. आणि आल्प्समधील हिमनदीवर वीसांपैकी केवळ एक. आपल्या देशात या विषयाचा आरंभ डग्लस कनिंगहॅम याने कलकत्त्याच्या तुरुंगांतील हवा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून केला. त्याचा ग्रंथ १८७३ सालचा आहे. कोंडलेल्या माणसांची हवा हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा ठरावा, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. पुढे महाराष्ट्रात मराठवाडा विद्यापीठाचे प्रा. एस. टी. टिळक यांनी ही विद्या रुजविली. हवेतील परागकण आणि बुरशीचे बीजाणू आठ-आठ दिवस सतत टिपून ठेवणारे त्यांच्या नावाचे यंत्र या शास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे.

परंतु परिस्थिती आणि जीव यांच्या संबंधाचे अधिक बोलके उदाहरण याहून पुष्कळ उंचीवरचे आहे. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक प्रचंड फुगा आकाशात सोडण्यात आला. कोल्हापुरात जन्मलेले आणि पुण्याच्या 'आयुका' संस्थेचे संस्थापक असलेले जयंत नारळीकर हे या प्रयोगाचे प्रमुख होते; इस्रोचे त्यास पाठबळ होते. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत गोळा करण्यात आली आणि हैदराबादच्या व पुण्याच्या दोन प्रयोगशाळांनी ती स्वतंत्रपणे तपासली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिवाणूंच्या बारा व बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या होत्या. त्यांपैकी तीन जिवाणू तोवर शास्त्रास अज्ञात होते. त्यांना फ्रेड हॉइल, आर्यभट्ट आणि इस्रो यांची नावे देण्यात आली. हे तिन्ही जिवाणू आपल्या भूतलावरील जवळच्या आप्तांपेक्षा अतिनील किरणांचा मारा पुष्कळ अधिक सोसू शकतात, असे आढळले. हे जीव पृथ्वीबाहेरून आले काय, या प्रश्नावर संशोधकांनी निर्णायक दावा केला नाही. पुढे आर्यभट्टाच्या नावाचा जिवाणू ठिकठिकाणच्या मातीत, पिकांच्या मुळांपाशीही सापडला. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. परंतु पुरावा जेथपर्यंत जातो तेथेच थांबावयाचे, हा त्या निष्कर्षातील संयम आम्हां कायद्याच्या माणसांनीही गिरवावा असा आहे.

आता मूळ मुद्दा. आकाशातील तीव्र उन्हाने या जिवाणूंना बळकट केले, असे आपण सहज बोलून जातो. हे बोलणे कितपत खरे आहे? काही अंशी जीव स्वतःला परिस्थितीनुसार आवरतो, हे खरेच. पुष्कळ जिवाणू उपासमार होऊ लागली की आपल्याभोवती जाड कवच रचून बीजाणूच्या रूपाने निजून राहतात आणि सुदिन आल्यावर पुन्हा जागे होतात. परंतु वंशपरंपरेने चालणारे नवे गुण परिस्थिती शिकविते काय? १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत याचा उलगडा केला. जिवाणूंना मारणारा विषाणू त्यांनी अनेक स्वतंत्र वाढविलेल्या वसाहतींवर सोडला. विषाणूच्या संगतीने जिवाणू प्रतिकार शिकत असते, तर प्रत्येक वसाहतीत वाचणाऱ्यांची संख्या साधारण सारखी निघाली असती. प्रत्यक्षात काहींत एकही वाचला नाही आणि काहींत शेकडो वाचले. याचा अर्थ, प्रतिकार करणारे जिवाणू विषाणू येण्यापूर्वीच तेथे जन्मलेले होते. संकटाने त्यांना घडविले नाही, केवळ निवडून काढले.

तेव्हा परिस्थिती ही कुंभाराचा हात नसून चाळण आहे, असे म्हणावे लागते. बीज नाना प्रकारचे असते. कोणते टिकावे हे क्षेत्र ठरविते. स्मृतिकारांच्या वादाला जिवाणूने दिलेले हे उत्तर दोन्ही पक्षांना अर्धे-अर्धे मान्य करावे लागेल. मात्र त्यातून एक नवा प्रश्न उभा राहतो, आणि तो नीतीचा आहे. चाळण कोणाच्या हाती आहे?

निसर्गाची चाळण कोणाच्याच हाती नाही. तेथे दोष कोणास द्यावा? परंतु क्षयाचा जिवाणू घ्या. २४ मार्च १८८२ रोजी कॉखने त्याचा शोध जाहीर केला. तो हवेतूनच पसरतो. बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात १९५०च्या दशकात क्षयरोग्यांच्या खोलीतील हवा नळावाटे वरच्या मजल्यावरील गिनीपिगांपर्यंत नेली, आणि रोग्याचा कोणताही स्पर्श नसता ते प्राणी आजारी पडले. हीच हवा अतिनील प्रकाशातून नेली तेव्हा बचावले. ऊन आणि वारा यांना हा जिवाणू भितो. अंधारी, दाटीची, बंद खोली त्यास मानवते. ती खोली कोणी बांधली? निसर्गाने नव्हे. औषधांचीही तीच कथा. १९९१ साली मुकुंद उपलेकर व डोनाल्ड शेपर्ड यांनी मुंबईतील पाहणी प्रसिद्ध केली. शंभर खासगी डॉक्टरांनी क्षयावर ऐंशी निरनिराळ्या प्रकारांनी औषधे लिहून दिली होती. अपुरे औषध दुबळे जिवाणू मारते आणि कणखर तेवढे मागे ठेवते. त्यानंतर वीस वर्षांनी, २०११च्या अखेरीस, मुंबईच्याच हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणीतील कोणत्याही औषधास दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण वैद्यकीय जगापुढे मांडले. त्या रोगास कोणते नाव द्यावे याबद्दल सरकारने हरकत घेतली. रोग मात्र होता. हा जिवाणू असा का झाला? त्याने दुष्टपणा केला नाही. आम्ही धरलेल्या चाळणीतून तो खाली उतरला.

येथे जिवाणू आणि मनुष्य यांतील खरा भेद दिसतो. परिस्थितीच्या हाती दोघेही सापडतात. इतकेच नव्हे, दोघेही दुसऱ्याची परिस्थिती बनतात. पानांवर राहणारी जिवाणूंची एक जात ढगात शिरली की, शुद्ध पाण्याचे थेंब ज्या थंडीत द्रवच राहतात त्या थंडीत तिच्यामुळे बर्फाचे कण धरू लागतात, आणि पाऊस पडण्यास साहाय्य होते. तो पाऊस कोणाच्या शेतात पडला, हे जिवाणूस ठाऊक नसते. मनुष्यास ते ठाऊक होऊ शकते. आपण ज्या हवेत जगतो तिने आपणांस घडविले, अशी तक्रार करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे; परंतु त्याच क्षणी आपण स्वतः कोणाची तरी हवा आहोत, हे विसरण्याचा अधिकार कोणासच नाही. आमच्या मते बचावाच्या वकिलाचा आणि सरकारी वकिलाचा वाद या ठिकाणी एका अर्थाने मिटतो. मनुष्य परिस्थितीने किती घडला हे मोजता येत नाही. दुसऱ्याची परिस्थिती होताना त्याने किती काळजी घेतली, हे मात्र पुष्कळ अंशी मोजता येते.

भोपाळात राहणाऱ्या माणसास हे अमूर्त वाटणार नाही. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीच्या कारखान्यामागोमाग या शहराच्या पूर्व अंगास जी वसाहत उभी राहिली, तिचा पिपलानी हा एक भाग. रुंद रस्ते, झाडे, ओळीने बांधलेली घरे; देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली कामगार कुटुंबे, त्यांत मराठीही. २ डिसेंबर १९८४च्या मध्यरात्री शहराच्या उत्तर भागातील युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे चाळीस टन विषारी वायू सुटला आणि वाऱ्याबरोबर जुन्या शहरावर पसरला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पिपलानीसारख्या पूर्वेकडील वसाहती बहुतांशी वाचल्या. त्या कोणा रहिवाशाच्या पुण्याईने वाचल्या नाहीत आणि जुन्या शहरातील माणसे कोणा पापाने मेली नाहीत. वारा त्या बाजूस वाहत होता, एवढेच. परंतु मेलेल्यांचे दुर्दैव म्हणून हात झटकावे, तर वस्तुस्थिती आड येते. टाकी थंड ठेवणारे यंत्र बंद होते, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला होता, आणि वायू धुऊन काढणारे यंत्र त्या वेळी कामास आले नाही. वाऱ्याची दिशा हे दैव. बंद ठेवलेली यंत्रे हा पुरुषार्थाचा अभाव.

याच पिपलानीपासून जवळ, आनंदनगर येथे, पशुरोगांची अतिसुरक्षित राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांना झालेला रोग बर्ड फ्ल्यूच आहे, याची खात्री येथेच करण्यात आली. अशा प्रयोगशाळेत आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा मुद्दाम कमी राखतात. दार उघडले तरी बाहेरची हवा आत येते, आतली बाहेर जात नाही; आणि जी बाहेर सोडावयाची ती अत्यंत सूक्ष्म गाळण्यांतून गाळूनच. एकाच शहराच्या दोन भागांत हवेविषयीच्या दोन वृत्ती अशा उभ्या आहेत. एकीने आपली हवा ही आपली जबाबदारी मानली. दुसरीने खर्च वाचविला.

कायदा या बाबतीत काय सांगतो? १८६०च्या दंडसंहितेचे कलम २७८ हवा आरोग्यास अपायकारक करणाऱ्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेत तेच कलम २८० झाले आणि दंड हजार रुपये झाला. दीडशेहून अधिक वर्षांत हवेची किंमत दुपटीने वाढली, असे कोणी उपहासाने म्हणू शकेल. परंतु न्यायालयांनी पुढचे पाऊल टाकले आहे, हेही सांगितले पाहिजे. दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून १९८५ साली वायू सुटला. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर १९८६ रोजी ठरविले की, जो धोकादायक धंदा करतो त्यास 'आम्ही योग्य काळजी घेतली होती' ही सबबही चालणार नाही. अपाय झाला की भरपाई दिलीच पाहिजे. भोपाळचा दावा मात्र या कसोटीस लागलाच नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये तो ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. फौजदारी बाजूस ७ जून २०१० रोजी भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली. तोवर पंचवीस वर्षे उलटून गेली होती.

तरीही आम्ही कायद्यास सर्वस्वी दोष देणार नाही. कायद्यास कर्ता हवा, कृत्य हवे, परिणाम हवा, आणि तिघांना जोडणारा पुरावा हवा. कारखान्याची टाकी पुरावा देते. गर्दीतील खोकला देत नाही. कोणाच्या श्वासातून निघालेला जिवाणू कोणाच्या छातीत गेला, हे कोणतेही न्यायालय सिद्ध करू शकणार नाही. आपल्या दर्शनकारांनी कर्माच्या न दिसणाऱ्या परिणामास 'अदृष्ट' असे नाव दिले. त्यांचा अर्थ पारलौकिक होता. परंतु येथे तो शब्द ऐहिक अर्थानेही खरा ठरतो. जे कृत्य कोणास दिसत नाही, ज्याचा परिणाम कोणाकडे पोचला हे कर्त्यासही कळत नाही, त्याविषयीच्या कर्तव्यास कायदा पुरा पडत नाही. तेथे धर्म सुरू होतो.

'धर्म' शब्द उच्चारताच आमच्या काही वाचकांच्या मनात सोवळे येईल, आणि ते म्हणतील की आपल्या पूर्वजांनी हे सारे पूर्वीच जाणले होते. या समजुतीचा आम्हांस नम्रपणे प्रतिवाद करावयाचा आहे. स्वच्छतेची शिस्त आपल्या देवळांनी आणि घरांनी जपली, तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु सोवळ्याची दिशा पाहावी. शस्त्रक्रियेच्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अधिक राखतात, म्हणजे बाहेरचे काही आत येऊ नये. आनंदनगरच्या प्रयोगशाळेत तो कमी राखतात, म्हणजे आतले काही बाहेर जाऊ नये. सोवळे पहिल्या खोलीसारखे आहे: ते मला इतरांपासून राखते. हवेतील जिवाणू आपल्याकडे मागतो ते दुसरे व्रत, इतरांना माझ्यापासून राखण्याचे. शस्त्रक्रियेच्या खोलीत पहिल्याची आवश्यकता असते, कारण तेथे दुबळा रोगी निजलेला असतो. समाजात मात्र आपण हे व्रत बहुधा बलवानाच्या रक्षणासाठी आणि दुबळ्यास दूर ठेवण्यासाठीच वापरीत आलो. अदृश्य दोषाची भीती माणसास दाराबाहेर उभे करण्यास किती सोयीची असते, हे आपल्या इतिहासात लिहिलेले आहे.

आणि ते अजून संपलेले नाही. घरातील मुलीस क्षय झाला हे लपविले जाते, कारण कळले तर तिचे लग्न अडेल. तिची भांडी निराळी होतात, तिची खोली मागची आणि अंधारी होते. वास्तविक तिला उजेडाची आणि मोकळ्या वाऱ्याची खोली हवी. भांड्यांपासून कोणास काही होत नाही. योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत तिच्यापासून संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो. जो कुटुंबप्रमुख तिला अंधारात ठेवतो, तो जिवाणूस अनुकूल क्षेत्र तयार करतो आणि त्यास अब्रू राखणे म्हणतो. रोग लपविल्याने औषध अर्धवट राहते. अर्धवट औषधाने कणखर जिवाणू निवडला जातो. आणि तो वाऱ्यावर निघाला की शेजाऱ्याची जात विचारीत नाही.

यावर कोणी आक्षेप घेईल की, प्रत्येक श्वासाची जबाबदारी घ्यावयाची तर माणसास जगणेच अशक्य होईल. आक्षेप रास्त आहे. श्वास सोडल्यावाचून कोणी राहू शकत नाही, आणि संपूर्ण निरुपद्रवी जीवन देहधाऱ्यास शक्य नाही. परंतु कर्तव्याचे माप ज्ञान आणि सामर्थ्य यांवर ठरते. ज्याच्याकडे टाकी आहे, त्याचे कर्तव्य टाकीएवढे. डॉक्टरचे त्याच्या लेखणीएवढे. खोकला असता तोंडावर रुमाल धरणे, सांगितलेले औषध शेवटच्या दिवसापर्यंत घेणे, साध्या पडशासाठी प्रतिजैविकांचा हट्ट न धरणे, उत्सवात शेकडो माणसे जमतात त्या सभामंडपाच्या खिडक्या उघड्या ठेवणे, एवढे तर कोणाच्याही सामर्थ्याबाहेरचे नाही. यांतील एकाही गोष्टीचे फळ करणाऱ्यास दिसणार नाही. जो आजारी पडला नाही, तो कधी येऊन आभार मानीत नाही. म्हणूनच हे कर्तव्य निष्काम म्हणावयास योग्य आहे.

बीज आपल्या हाती नव्हते. ज्या क्षेत्रात आपण पडलो तेही बहुतांशी आपण निवडले नाही. परंतु दुसऱ्या कोणाच्या तरी बीजासाठी आपण स्वतः क्षेत्र आहोत, आणि तेवढ्यापुरता निर्णय रोज आपल्याकडे असतो. न्यायासनासमोर माणूस उभा राहिला म्हणजे त्याला काय मिळाले नाही हे आम्ही यापुढेही सांगत राहू. ते आमचे काम आहे. परंतु देवासमोर उभे राहताना, आपल्या भोवतीच्या माणसांना आपल्यामुळे कशी हवा मिळाली, एवढे स्वतःस विचारावे.